तळमजल्यावर उंच शोभेची गवतं, मुलुंड: फेब्रुवारी २०२४ ते मे २०२५ च्या नोंदी

जागा: मुलुंड पूर्व, तळमजल्याची मागची बाजू. कुंपणाच्या भिंतीलगत मातीचा पट्टा, २२ फूट लांब आणि ३ फूट रुंद. भिंत सहा फुटी, पलीकडे गटार. ऊन सकाळी अकरा ते दुपारी साडेचार. एका टोकाच्या तीन फुटांवर शेजारच्या आंब्याची सावली, दुसऱ्या टोकाचा चार फुटांचा कोपरा खोलगट, तिथे पाणी साठतं. भिंत झाकेल अशी गवताची ओळ हवी आहे. बांबू नको, कारण मुळं गटाराच्या बांधकामात शिरतात.

१० फेब्रुवारी २०२४

फूटभर खणायचं ठरवलं होतं. आठ इंचांवर पहार खणखणली. इमारत बांधून झाल्यावर उरलेलं सगळं डेब्रिज इथेच ढकललेलं: लाद्यांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा माल, सळईचे तुकडे, दोन चपला. ३१ गोण्या निघाल्या. दोन मजूर एक दिवस, १८०० रुपये. डेब्रिज उचलायला टेम्पो, १२००.

फूटभर खोल खड्डा करून एक बादली पाणी ओतलं. जिरायला तीन तास दहा मिनिटं लागली. फेब्रुवारीत कोरड्या जमिनीत एवढा वेळ, तर जुलैत काय होईल हे इथेच कळायला हवं होतं. तळाशी सिमेंटच्या पाण्याने धरलेला कठीण थर आहे. दर दोन फुटांवर पहारीने तो फोडला, दीड फूट खोल भोकं केली आणि विटांचे तुकडे भरले. दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ५० मिनिटांत जिरलं. एवढ्यावर समाधान मानलं.

१८ फेब्रुवारी

माती भरली. जुनी माती चाळून परत टाकली. वर लाल माती २५ गोण्या (११० रुपये गोणी), क्रश सँड म्हणजे दगड भरडून केलेली वाळू ८ गोण्या (७०), शेणखत ६ गोण्या (१५०).

दोन चुका झाल्या. पहिली, क्रश सँड न धुता टाकली. तिच्यातली दगडाची भुकटी पाण्याबरोबर वर आली आणि दुसऱ्या दिवशी मातीवर राखाडी पापडी धरली. नखाने खरवडली तर पापुद्रा निघत होता, खाली माती कोरडी. वरचे चार इंच पुन्हा उकरावे लागले, अर्धा दिवस गेला. राहिलेली तीन गोण्या क्रश सँड घमेल्यात घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुतली. एका गोणीमागे जवळजवळ पाव गोणी भुकटी वाहून गेली.

दुसरी चूक शेणखताची. सहा गोण्या या गवतांना फार झाल्या. तिचा हिशेब सप्टेंबरात.

३ मार्च

रोपं आणली.

वाळा: ४० ठोंब (झुबक्यातून मुळांसकट वेगळे केलेले तुकडे), १२ रुपये एक. भिंतीसाठी मुख्य भरवसा यावर. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळे भिंतीजवळ लावायला निर्धास्त. लागवडीतला वाळा बीही धरत नाही, ठोंबांनीच वाढतो.

जांभळं फाउंटन गवत (पेनिसेटम, लाल पानांचं): १० पिशव्या, ९० रुपये एक. उंची तीन ते चार फूट, तुरे कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुकलेले. घेताना पानं लाल-जांभळीच आहेत ना, हे उन्हात धरून पाहावं. याचा हिरवा भाऊ भरपूर बी टाकतो आणि मोकळ्या रानात पसरतो. लाल प्रकारात रुजणारं बी जवळजवळ नसतंच. मुलुंडच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा हा फरक पाहून घ्यावा. काशगवत याच कारणाने यादीतून काढलं. तुरे सुंदर, पण कापसासारखं बी उडतं आणि जमिनीखालूनही पसरतं.

पट्टेरी अरुंडो (पांढऱ्या पट्ट्यांचा देवनळ): एक, २५० रुपये. आठ-दहा फूट जातो, पण मुळाशी आडवी जाड खोडं सुटतात. मोकळ्या जमिनीत लावायचा नाही.

अंब्रेला पाम: तीन, ६० रुपये एक. नावात पाम असलं तरी हा लव्हाळ्याच्या घराण्यातला. खोलगट कोपऱ्यासाठी.

पंपास: दोन, ४५० रुपये एक. हे घ्यायला नको होतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या मोकळ्या, थंड हिवाळ्याच्या मैदानांवरचं गवत, मुंबईच्या जुलैत त्याचं काय होणार हे उघड होतं. वाळवलेल्या तुऱ्यांची फॅशन आहे म्हणून घेतलं. एक पट्ट्यात लावलं, दुसरं ड्रममध्ये, म्हणजे निदान तुलना तरी होईल.

२०० लिटरचा जुना निळा ड्रम ९०० रुपयांना. आडवा कापून दोन अर्धे केले. एक अर्धा जमिनीत पुरून त्यात अरुंडो: तळाला इंचाची सहा भोकं, काठ मातीच्या वर दोन इंच. दुसरा अर्धा जमिनीच्या वरच, विटांवर ठेवून, त्यात निम्मी क्रश सँड घातलेल्या मातीत पंपास.

२४ मार्च

वाळ्याचे ३४ ठोंब ५ मार्चला लावले होते, सहा-सहा इंचांवर, भिंतीपासून नऊ इंच सोडून. त्यातले अकरा वाळले.

कारण उपटल्यावर दिसलं. ठोंब जसे आले तसेच लावले होते: वर दोन-अडीच फूट पानं, खाली मुळांचा गुंता. मार्चच्या उन्हात एवढ्या पानांना पुरेल इतकं पाणी तुटकी मुळं ओढू शकत नाहीत. ठोंब लावण्याआधी वरून आठ इंचांवर कापायचा, मुळं चार इंचांवर छाटायची, एका ठोंबात दोन-तीन फुटवे (बुंध्यातून निघणारे कोंब) ठेवायचे आणि शेणकाल्यात बुडवून लावायचा. मुळं लांब ठेवली तर खड्ड्यात दुमडतात आणि टोकं वर येतात.

जिवंत २३ जागच्या जागी कापले. पिशवीत राखलेले सहा लावले. पाच जागा रिकाम्या राहिल्या, त्या पावसात भरल्या. खरं तर वाळा जूनच्या पहिल्या पावसावर लावला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

१४ एप्रिल

घुशी. ताजी, मऊ माती आणि शेजारी गटार, म्हणजे आमंत्रणच. रात्रीत दोन फाउंटन गवतं मुळांसकट वर आलेली. भिंतीच्या कडेने दीड फूट खोल चर काढून अर्ध्या इंच चौकटीची वेल्डेड जाळी उभी गाडली, ६०० रुपये. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी लावू नये, घूस ती वाकवून पलीकडे जाते. उपटलेली दोन्ही गवतं तशीच दाबून भरपूर पाणी दिलं, जगली.

आतापर्यंतचा खर्च: खोदाई आणि टेम्पो ३०००, माती-वाळू-खत ४२१०, रोपं २७१०, ड्रम ९००, जाळी ६००. एकूण ११,४२० रुपये.

१४ मे

काल दुपारी धुळीचं वादळ. वाळा अडीच फुटांचा, वाऱ्याने झोपला आणि सकाळी उभा. फाउंटनचे तुरे तुटले, बाकी ठीक. अरुंडोचे तीन दांडे बुंध्यात मोडले. आंब्याची वाळकी फांदी पट्ट्यातल्या पंपासवर पडली. ती काढताना हात पानांवरून मागे ओढला गेला आणि मनगटावर बारीक चिरा पडल्या. पंपासच्या पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चामडी हातमोजे घालूनच हात लावावा, कापडी मोज्यांतून दाते आत येतात.

८ जून

पावसाआधीची तयारी म्हणून नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घातलं, तीन इंच जाड, बुंध्यांना भिडवून. उन्हाळाभर त्याचा फायदा झाला असता. आता घालणं म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर पाण्याची टाकी भरून ठेवण्यासारखं.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तरी सोडून दिली: फेब्रुवारीत पट्ट्यालगतच्या पेव्हर फरसबंदीच्या पातळीच्या इंचभर वर असलेली माती आता दीड-दोन इंच खाली बसली आहे. शेणखत कुजलं, माती दबली. म्हणजे पट्टा आता पन्हळ झाला आहे.

१० जुलै

परवा, ८ जुलैला, पहाटे एक ते सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिमीच्या वर पाऊस झाला. पट्ट्यात दुपारपर्यंत पाणी उभं होतं.

फाउंटन गवत वरून बरं दिसतं, फक्त रंग मळका. मधला एक फुटवा चिमटीत धरून हलकेच ओढला. काही ताण न देता सुरीने कापल्यासारखा बाहेर आला. टोक तपकिरी, बुळबुळीत, वास शिळ्या भाजीचा. निरोगी फुटवा ओढला तर पान तुटतं, फुटवा हलत नाही. ही परीक्षा जुलैत दर आठवड्याला करावी. पानं पिवळी पडण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

दहापैकी सात सडलेली. पट्ट्यातलं पंपास मेलं, मुठीत धरून उचललं तर सगळा झुबका हातात. ड्रममधलं अजून उभं आहे.

वाळ्याला काही झालेलं नाही. त्याच मातीत, त्याच पाण्यात चार फूट उंच. सावलीतल्या तीन फुटांतला मात्र दोन फुटांवर अडकला आहे.

१४ जुलै

सडका बुंधा वाचवण्याची रीत, जशी जमली तशी:

आधी आच्छादन पूर्ण काढलं. खालच्या शेंड्या पिळल्या तर पाणी गळत होतं. मग बुंधा चारी बाजूंनी खणून उचलला, पाइपने माती धुतली. सड मधून सुरू होते आणि बाहेर पसरते, त्यामुळे कडेचे फुटवे बहुधा चांगले असतात. धारदार सुरीने मधला भाग काढून टाकला, पांढरं कडक देठ आणि दोन तरी मुळं असलेले तुकडे ठेवले. पानं सहा इंचांवर कापली. तासभर आडोशाला सुकू दिले आणि धुतलेली क्रश सँड व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेऊन छोट्या पिशव्यांत लावले. पिशव्या छज्जाखाली, जिथे उजेड येतो पण पाऊस नाही. पाणी चार दिवसांनी, तेही थोडं.

सातपैकी तीन पूर्ण गेलेली होती. चारांतून नऊ तुकडे मिळाले आणि नऊही फुटले. पहिली दोन कापताना सुरी पुसली नव्हती. पुढच्यांना दर वेळी स्पिरिट लावलं. त्याने फरक पडला की नाही सांगता येत नाही, पण सवय चांगली.

पट्ट्यात राहिलेल्या तीन गवतांभोवती माती खरवडून बुंधा उघडा केला आणि पाण्याला वाट म्हणून पेव्हरच्या कडेने तीन इंचांची चारी काढली. तिन्ही टिकली.

१८ ऑगस्ट

शंखी गोगलगायी. एका रात्रीत अंब्रेला पामचे चार कोवळे कोंब आणि वाळ्याच्या रिकाम्या जागी लावलेल्या पाच ठोंबांतले दोन खाल्ले. रात्री नऊनंतर टॉर्च आणि चिमटा घेऊन वेचायच्या, मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या. पहिल्या रात्री २७, आठवड्याने ६. मीठ थेट मातीवर टाकायचा सल्ला सगळे देतात. देऊ देत. मातीत मीठ गेलं की मुळं जळतात.

ड्रममधलं पंपासही गेलं. पट्ट्यातल्यापेक्षा महिनाभर जास्त टिकलं, म्हणजे निचऱ्याने मुदत वाढली. दमट हवेत बुंध्यातली ओल वाळतच नाही, तिथे निचरा काय करणार. नऊशे रुपये गेले, पुन्हा लावणार नाही.

लाल मातीबरोबर आलेला नागरमोथा आता सगळीकडे. ओढून काढला तर खालची गाठ राहते आणि एकाचे तीन होतात. खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. वाळ्याच्या बुंध्यात शिरलेला निघतच नाही.

२९ सप्टेंबर

२५ तारखेच्या संध्याकाळच्या पावसात वाळा लोळला. ३२ ठोंबांतले वीसेक पेव्हरवर आडवे. मेचं वादळ सोसलेला वाळा या पावसात का पडला, तर सहा गोण्या शेणखत. पानं रुंद, गडद हिरवी, पाण्याने फुगलेली आणि पाच फूट लांब, दांड्यात दम नाही. जिथे खत कमी पडलं होतं त्या भिंतीच्या कोपऱ्यातले चार ठोंब फूटभर बुटके आणि ताठ उभे. या पट्ट्याला दीड-दोन गोण्या पुरल्या असत्या. पुढे दोन वर्षं खत बंद.

बांबूच्या काठ्या आणि सुतळी लावून बांधायचा प्रयत्न केला. तो झाडूसारखा दिसायला लागला. सोडला. त्याऐवजी ओळ दोन फुटांवर सरसकट कापली, पाऊस ओसरतोय हे पाहून. महिन्याभरात साडेतीन फुटांवर आली आणि ताठ आली.

अरुंडोचं एक आडवं खोड ड्रमच्या काठावरून बाहेर पडलेलं सापडलं, अंगठ्याएवढं जाड. छाटलं. काठ दोन इंच वर आहे म्हणून दिसलं तरी. पातळीला असता तर वर्षभराने कळलं असतं. पांढरे पट्टे पावसात जवळजवळ हिरवे झाले आहेत.

अंब्रेला पाम खोलगट कोपऱ्यात साडेचार फूट. पाण्यात उभा राहून आनंदात.

२० ऑक्टोबर

पुनर्लागवड, या वेळी वरंब्यावर. दीड फूट रुंद, सहा इंच उंच. त्यासाठी पेव्हरकडची माती ओढली, विकत काही आणलं नाही. फाउंटनचा बुंधा वरंब्याच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर, मुळांच्या वरच्या कडेला हवा लागेल असा. माळीदादांनी पाहून "उघडं पडलंय" म्हणून माती चढवली, ती पुन्हा काढली. भाजीच्या रोपांना माती चढवतात, तीच सवय.

नऊपैकी सात लावली, उरलेल्या तिघांसह पुन्हा दहा. दोन पिशव्या राखीव. ऑक्टोबर हीटमध्ये रोज सकाळी पाणी, तीन रोपांना एक बादली, तीन आठवडे. नंतर एक दिवसाआड. आच्छादन आता घातलं, पण बुंध्यापासून चार इंच लांब.

१५ डिसेंबर

फाउंटनला भरपूर तुरे, वाळ्यालाही पहिले जांभळट-तपकिरी तुरे, भिंतीच्या वर दीड फूट. जो देखावा हवा होता तो आत्ता दिसतोय, संध्याकाळी ऊन मागून आलं की.

दोन फाउंटनवर मुंग्यांची रांग. रांगेमागे गेलं तर पान जिथे दांड्याला वेढतं त्या खोबणीत पिठ्या ढेकूण. लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली भांड्यांचा साबण, असं दोनदा फवारलं. खोबणीत पोचतच नाही. शेवटी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन, जास्त लागलेले दांडे तळातून कापून काढले. कापलेलं कंपोस्टात नको.

२ मार्च २०२५

छाटणी. मुंबईत थंडीने गवत वाळून झोपी जात नाही, त्यामुळे कधी कापायचं हे गवत सांगत नाही, आपण ठरवायचं. फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा बरा: उन्हं तापायला लागलेली, नवे फुटवे जोरात. पावसाळ्यात फाउंटन कधीच कापू नये. कापलेल्या दांड्यांतून पाणी थेट बुंध्यात उतरतं.

झुबक्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळीचे दोन वेढे घट्ट बांधायचे आणि त्याच्या खाली सहा इंचांवर विळ्याने कापायचं. पेंढी अख्खी उचलता येते. पहिल्यांदा न बांधता कापलं, अर्धा तास नुसती पानं गोळा करण्यात गेला. बुंध्यातलं वाळकं हाताने विंचरून काढलं. एका झुबक्यात वाळवी होती.

गवती चहा, जो कोणीतरी दिला म्हणून कडेला खोचला होता, त्याच्यावर पावसाळ्यात आलेला तांबेरा अजून आहे. तोही जमिनीलगत कापला. नवं पान स्वच्छ येतंय.

सावलीतल्या तीन फुटांतला वाळा काढला. तिथे काय लावायचं ते ठरलेलं नाही.

२८ मे २०२५

फाउंटनचे बुंधे वाढून मध्ये दाट झाले आहेत. दाट बुंध्यात ओल अडकते, म्हणून पावसाआधी सगळे विभागायचे होते. काम जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी ठेवलं, कारण पाऊस मुंबईत ११ जूनच्या आसपास येतो हा हिशेब. परवा, २६ मेला, आला. सहा विभागून झाले होते, तेही २४ आणि २५ ला घाईत. चार राहिले.

विभागलेल्या सहांपैकी दोघांची मुळं अजून धरलेली नाहीत. त्यांच्यावर प्लॅस्टिकचा तिरका पत्रा लावला आहे, तीन बाजू उघड्या. न विभागलेल्या चारांना आता हात लावायचा नाही. मधले सात-आठ जुने दांडे तळातून उपटून वाट मोकळी केली, कापले नाहीत. आच्छादन काढून पोत्यात भरलं. चारी साफ केली. एक बादली ओतून पाहिली, १२ मिनिटांत जिरली. चौथ्या बुंध्यातला मधला फुटवा ओढून पाहिला, पान तुटलं.